क्रोमासमोर शूट करण्याआधी एवढं वाचा

"क्रोमावरच, म्हणजे हिरव्या पडद्यासमोरच शूट केलंय, मग मागचं दृश्य बदलायला इतके दिवस कशाला? सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये हिरवा रंग काढतं ना?" हा प्रश्न आम्हा व्हीएफएक्सवाल्यांना, म्हणजे शूटनंतर कॉम्प्युटरवर दृश्यं बदलणाऱ्यांना, जवळजवळ प्रत्येक नवीन ग्राहक विचारतो. काढतं, नक्की काढतं. फक्त हिरवा रंग पडद्यावरच असायला हवा.

आमच्याकडे अडून बसलेल्या शॉट्समध्ये बहुतेकदा एकच चूक सापडते. कलाकार पडद्याला खेटून उभा असतो. पडद्यावर पडलेला प्रकाश हिरवा होऊन परत फिरतो आणि मानेवर, खांद्यावर, केसांच्या कडांवर बसतो. याला आम्ही स्पिल म्हणतो. पडद्याचा हिरवा कुठला आणि कानाच्या पाळीवरचा कुठला, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. पडद्याबरोबर पाळीही अर्धवट पुसली जाते. शिवाय कलाकाराची सावली पडद्यावर पडते, म्हणजे एका हिरव्याचे दोन हिरवे होतात.

मध्यंतरी सात सेकंदांचा एक शॉट आला. नायिका मान वळवते, मोकळे केस उडतात, बस. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १६८ फ्रेम. जागा कमी होती म्हणून तिला पडद्यापासून दोन पावलांवर उभं केलं होतं. बटांना हिरवी झाक आलेली, आणि ती काढायला जावं तर बटाच कातरल्यासारख्या तुटत. शेवटी एकेका फ्रेममध्ये केसांची कड हाताने आखावी लागली. यालाच रोटो म्हणतात. दोन माणसांचे चार दिवस त्यात गेले.

पडदा आणि कलाकार यांच्यात निदान आठ फूट अंतर ठेवलं असतं, तर हे काम एका दुपारचं होतं. पडद्याचे लाइट वेगळे, कलाकाराचे वेगळे. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा हवा, झगझगीत नको. जितका प्रखर, तितका स्पिल जास्त. सुरकुत्या ताणून घ्या.

हिरवाच का, तर डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारणपणे दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा प्रकाश टिपतात, लाल आणि निळा एकेकच. त्यामुळे हिरवा सगळ्यात बारकाईने नोंदला जातो. पोशाख हिरवा असेल तर आधी सांगा, निळा पडदा लावू. रेकॉर्डिंग शक्यतो ४:२:२ वर करा; कॅमेरा रंगाची नोंद किती बारीक ठेवतो, ते हे आकडे सांगतात. ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच असते. नुसतं बघताना ते जाणवत नाही, पण आमचं सगळं काम त्या रंगावरच चालतं.

'एआयने होत नाही का?' असंही विचारतात. आम्ही एआय वापरतो, कच्चा मास्क, म्हणजे कलाकाराला मागच्या दृश्यापासून वेगळा करणारा आकार, त्याने झटपट निघतो. पण उडत्या केसांची कड फ्रेमगणिक थरथरते आणि मोठ्या पडद्यावर ते लगेच डोळ्यात येतं. तिथे अजून हातच लागतो.

दादासाहेब फाळक्यांनी आपल्या पहिल्या चित्रपटाआधी रोप वाढताना पडद्यावर दाखवलं, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. करामत होती ती कॅमेरा कुठे लावायचा आणि कधी फिरवायचा, यात. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मध्येही कॉम्प्युटरवर बनवलेले डायनोसॉर काही मिनिटंच दिसतात. बरंचसं काम सेटवरच्या यांत्रिक डायनोसॉरांनी केलं. साधनं कितीही बदलली तरी निम्मा इफेक्ट शूटिंगच्या वेळीच ठरतो. 'पोस्टमध्ये बघू', म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात निस्तरू, हे वाक्य ऐकलं की आम्हाला धास्ती वाटते ती त्यामुळेच.

म्हणूनच फुटेज पाहिल्याशिवाय आम्ही फोनवर दर सांगत नाही. काहींना ते आडमुठेपणाचं वाटतं, पण अंदाजाने आकडा सांगून नंतर वाढवण्यापेक्षा हे बरं. कलाकार फ्रेमबाहेर गेल्यावर त्याच लाइटमध्ये रिकाम्या पडद्याचे काही सेकंद, म्हणजे क्लीन प्लेट, तेवढी आठवणीने घ्या.

शूटच्या दिवशी पहिला टेक घेण्याआधी दहा सेकंदांची टेस्ट पाठवा. मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि कडा पाहताच येत नाहीत. टेस्ट तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. मोठं काम असेल तर आमच्यातलं कोणीतरी सेटवरही येतं, फक्त तारीख आठवडाभर आधी कळवा.