‘केलें’, ‘केले’ की ‘केलं’? बोली आणि लेखी मराठीच्या वादाची पार्श्वभूमी

मोबाइलवर ‘असे केलं’, ‘तसं झाले’ अशी सरमिसळ रोज दिसते. तिचा दोष फोनला दिला जातो. मुळात हा गोंधळ १९६२च्या लेखननियमांपासूनचा आहे.

त्याआधीच्या काळात बोलणं आणि लिहिणं यांनी कामं वाटून घेतली होती. पेशवाईतल्या पत्रांत मायना, क्षेमकुशल आणि उघड सांगण्याजोगा मजकूर कागदावर असे. नाजूक भाग पत्र नेणाऱ्याने तोंडी सांगायचा. मोडीत इकार बहुधा दीर्घ, उकार बहुधा ऱ्हस्व आणि अनुस्वार सर्रास गाळलेले. वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखत असे. छपाई आणि शाळा आल्यावर मात्र प्रत्येक बिंदूचा हिशेब सुरू झाला.

जुन्या छापील मराठीत चार रूपं वेगळी होती: ‘काम केलें’, ‘उपवास केले’, ‘पूजा केली’, ‘कामें केलीं’. ‘नांव’ माणसाचं आणि ‘नाव’ पाण्यातली. कोकणातल्या काही बोली सोडल्या तर हे अनुस्वार कोणी उच्चारत नव्हतं, मुलांना ते घोकावे लागत. म्हणून ते काढण्याची मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाली होती. १९६२मध्ये चौदा नियम मान्य झाले, १९७२मध्ये आणखी चार जोडले गेले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. लिहिणाऱ्यांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं, यात शंका नाही.

वाद आहे तो त्याच नियमावलीतल्या एका कलमाबद्दल. पात्राच्या तोंडी बोलण्यातलं रूप घालायचं असेल तर ‘असं केलं’ असं अनुस्वार देऊन लिहावं. इतर सर्व ठिकाणी ‘असे केले’. म्हणजे सगळे जे बोलतात ते रूप अवतरणचिन्हांच्या आतच राहिलं. अनुस्वार काढल्यामुळे ‘पत्र आलें’ आणि ‘साहेब आले’ यांतला लेखी फरक पुसला गेला. बोलण्यात तो कधीच पुसला नव्हता: पत्र आलं, साहेब आले. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन बोलीने वेगळं ठेवलं आणि लेखी भाषेने एक केलं, ही या निर्णयाची खरी किंमत. तिची चर्चा फार कमी होते.

‘केलं’ सरसकट मान्य केलं तर उद्या ‘इथे’ की ‘इथं’, ‘त्याने’ की ‘त्यानं’ हेही ठरवावं लागेल, असा विरोधकांचा मुद्दा. त्या जोड्यांपुरता तो रास्त आहे, कारण त्या प्रदेशागणिक बदलतात. पण देशावर आणि विदर्भात ‘काम केले’ असं घरात बोलणारा शोधावा लागेल.

‘केलं’वरचा बिंदू नाकातल्या उच्चाराचा नव्हे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळला जातो. तो पूर्ण, किंचित लांबवून म्हणायचा आहे, एवढंच बिंदू सांगतो. तो सुटला की ‘सांगितल’ हे ‘सांगितल्’ असं वाचलं जातं आणि ‘घरं’ एकदम एकच ‘घर’ होतं. उलट चूकही होते: ‘आंबे पिकलं’ किंवा ‘बाबा आलं’. पुल्लिंगी अनेकवचनात आणि आदरार्थी रूपात एकारच राहतो. शिवाय ‘फूल’चं अनेकवचन ‘फुलं’, ‘फूलं’ नव्हे. तिथे उकार ऱ्हस्व होतो.

कार्यालयांची लेखी भाषा तर याहून मागे थांबली आहे. नियमांनुसार ‘करणे’चं ‘करण्यासाठी’ होतं, पण अर्जाच्या विषयात आजही ‘दाखला मिळणेबाबत’ असंच असतं. पोलिसांकडे फिर्याद देताना माणूस आपल्या बोलीत सांगतो, कागदावर ‘माझे सांगणेप्रमाणे’ उतरतं आणि ते वाचून दाखवल्यावर तो सही करतो. आपलंच बोलणं त्याला परक्या भाषेत ऐकावं लागतं, आणि पुढे कोर्टात नेमक्या शब्दांवर उलटतपासणी होते.

फोन आला तो या सगळ्यानंतर. रोमन अक्षरांत ‘केला’ आणि ‘केलं’ सारखेच लिहिले जातात, त्यामुळे अनेकांची बिंदूची सवयच मोडली. २०१३मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश आले आणि ज्यांना लिहिणं अवघड जायचं त्यांनी लिहिणंच सोडलं. दुसरीकडे, गेल्या दशकात काही मराठी वृत्तसंकेतस्थळांनी अख्खी बातमी ‘केलं आहे’ अशी लिहायला घेतली. छापील वर्तमानपत्रांत बातमी बहुतेक करून ‘केले’मध्ये आणि पुरवणीतले लेख ‘केलं’मध्ये असतात.

नियम मात्र तोच आहे. शाळेच्या एकाच उत्तरपत्रिकेत संवादलेखनातलं ‘केलं’ नियमाने बरोबर ठरतं आणि निबंधातलं चूक.