२१४७४८३६४७ (मेर्सेन मूळसंख्या)

दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केल्यावर मिळणारी (२^३१ − १) दहा अंकी मूळसंख्या. वाचन : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्यांना मेर्सेन मूळसंख्या म्हणतात; त्यांमध्ये हिचा क्रम आठवा आहे. हिला २^३० ने गुणले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीजच्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी) येते.

शोधाच्या श्रेयाबाबत एकमत नाही. इटालियन गणिती कातालदी यांनी १६०३ मध्ये ३१ हा घात मूळसंख्या देणारा म्हणून नोंदवला. मात्र त्याच यादीत २३, २९ व ३७ हेही होते. पैकी २३ व ३७ फेर्मा यांनी १६४० मध्ये आणि २९ पुढे ऑयलर यांनी खोडून काढला. मेर्सेन यांच्या १६४४ च्या यादीतही ३१ आहे, पण सिद्धतेविना. स्वतः ऑयलर १७५२ मध्ये गणिती गोल्डबाख यांना लिहिताना साशंक होते. त्यामुळे गणिती बर्नुली यांना कळवलेला त्यांचा निष्कर्ष, म्हणजे साधारण १७७२, हाच काळ ग्राह्य धरणे योग्य. ज्ञात मूळसंख्यांत ही १८६७ पर्यंत सर्वांत मोठी होती असे सामान्यतः म्हणतात. परंतु २^६४ + १ चा ६७२८०४२१३१०७२१ हा मूळसंख्या असलेला अवयव गणिती क्लाउझेन यांना १८५५ मध्येच मिळाला होता. तो जमेस धरणे अधिक सयुक्तिक.

ऑयलर यांची पद्धत भागाकाराचीच, पण भाजक निवडून घेणारी. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६२क + १ या रूपाचा असावा लागतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८न + १ आणि २४८न + ६३ एवढीच रूपे राहतात. वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे असल्याने ३७३ उमेदवार उरतात. त्यांतही ६३, २४९ यांसारखे संयुक्त गळतात. पहिला खरा उमेदवार ३११. त्याने भागल्यास भागाकार ६९०५०९२ व बाकी ३५. एकानेही निःशेष भाग जात नाही.

मेर्सेन रूपाची संख्या मूळसंख्या आहे का हे ठरवणारी ल्युका–लेमर कसोटी याहून जलद आहे. ४ पासून सुरुवात करून वर्ग करावा, २ वजा करावे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. २९ वेळा केल्यावर बाकी शून्य येते. संगणकाच्या आज्ञावलीत दोन ठिकाणी घोटाळा होतो. वर्गाला ६२ बिट (द्विमान अंक) लागतात, ३२ बिटांत तो मावत नाही. भागाकार टाळण्यासाठी वरचे बिट खालच्या ३१ बिटांत मिळवले, तर शून्याऐवजी तपासायची संख्याच उरू शकते. ती शून्य मानली नाही तर मूळसंख्या संयुक्त ठरते.

संगणकावर यादृच्छिक (क्रम ओळखता न येणाऱ्या) संख्या तयार करण्यासाठी प्रत्येक पदाला १६८०७ ने गुणून हिच्याने भागलेली बाकी घेतात. आवर्तन २१४७४८३६४६ पदांचे, म्हणजे तेवढ्या पदांनंतर क्रम पुन्हा येतो. आरंभीचे पद शून्य नसावे, अन्यथा पुढे शून्येच येतात.

चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही संख्या साठवणाऱ्या) ३२ बिटांत मावणारी हीच कमाल संख्या. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद तशा जागेत साठवणारी घड्याळे कोल्हापूरच्या वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी कमाल गाठतील आणि पुढच्या सेकंदाला १९०१ सालात जातील. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत असे जुने नियंत्रक असल्यास त्यांची तारीख पुढे सरकवून आधीच चाचणी घ्यावी. त्यापूर्वी नोंदींची प्रत वेगळी ठेवावी.