पूररेषेची हॅच प्रिंटमध्ये करडी का होते

कृष्णेची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांगलीकरांना हे नव्याने सांगायला नको. पण नकाशाची झेरॉक्स काढली की दोन्ही रेषा काळ्याच दिसतात. मग दोन रेषांचे पूरपट्टे ओळखायचे ते आतल्या हॅचवरून, म्हणजे पट्टा भरणाऱ्या समांतर तिरप्या रेघांवरून. तीच हॅच एका प्रिंटरवर स्वच्छ तिरपी निघते, तर दुसऱ्यावर नुसती करडी.

ट्रेसिंग पेपरच्या काळात हा प्रश्न नव्हता. सेटस्क्वेअर सरकवत ओढलेल्या रेघा अमोनिया प्रिंटमध्ये (ट्रेसिंगवरून काढलेल्या तेवढ्याच आकाराच्या प्रतीत) त्याच मापाने उतरत.

गोंधळ सुरू झाला तो विंडोजमधल्या एका निर्णयामुळे. भरणीचा नमुना (आतला भाग भरणारी नक्षी) म्हणजे पुन्हा पुन्हा जुळवला जाणारा 8 बाय 8 ठिपक्यांचा चौकोन आणि त्याचं माप मिलिमीटरमध्ये नाही, तर ठिपक्यांत. 96 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 96 ठिपक्यांच्या पडद्यावर हा चौकोन सुमारे 2.1 मिमीचा होतो. 300 डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर तो 0.68 मिमी, 600 वर 0.34 आणि 1200 वर जेमतेम 0.17 मिमी. इतक्या दाट रेघा डोळ्याला वेगळ्या दिसतच नाहीत. पडद्यापुरता निर्णय समजण्यासारखा होता, त्या वेळी वेग आणि मेमरी दोन्ही तोकडे. पण कागदासाठी तो चुकीचाच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज 95 आणि 98 मध्ये तर 8 बाय 8 पेक्षा मोठा नमुना चालतच नसे, म्हणजे मोठा चौकोन करून यातून सुटायची वाटही बंद. वर काही ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे प्रोग्रॅम) नमुना आपणहून मोठा करत, काही जसाच्या तसा पाठवत. त्यामुळे एकच फाइल दोन टेबलांवर दोन तऱ्हांनी छापली जाई.

पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत भरणीचा नमुना ही सोयच नव्हती, ती दुसऱ्या आवृत्तीत आली. 1990 च्या पीसीएल 5 या एचपीच्या प्रिंटर-भाषेत नमुने प्रिंटरमध्येच असत.

‘पॅटर्न’ आणि ‘हॅच’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथेही घोळ होतो. कॅडमधली (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधली) हॅच म्हणजे खऱ्या रेघा, ड्रॉइंगच्या मापाला बांधलेल्या. ऑफिस सॉफ्टवेअरमधला पॅटर्न बहुधा ठिपक्यांचाच.

पीडीएफमध्ये नमुन्याचं माप पानाशी बांधता येतं. मात्र मूळ प्रोग्रॅमने ठिपक्यांचा चौकोनच पाठवला, तर पीडीएफही तोच दाट चौकोन जपून ठेवते. जुन्या फाइलसाठी प्रिंटर 600 वरून 300 डीपीआयवर आणला, तर ड्रायव्हर मध्ये न पडल्यास रेघांमधलं अंतर दुप्पट होतं. पण त्याच नकाशावरची गट नंबरांची बारीक अक्षरं खडबडीत होतात.