छापखान्याची चूक माफ असते?

कॉमिक्स जमवणाऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: दोष छापखान्यातला असेल, तर ग्रेड, म्हणजे प्रतीच्या अवस्थेला मिळणारा दर्जा, उतरत नाही. वाचकाने थोडंच काही केलंय! पण तसं नाही.

अमेरिकेतली सीजीसी कंपनी ०.५ ते १० या पट्टीवर कॉमिक्सना ग्रेड देते. तिच्या व्याख्येत १०.० ला हाताळणीचा तर नाहीच, निर्मितीचाही दोष चालत नाही. ९.९ ची गंमत बघा: हाताळल्याची खूण शून्य, तरी किंचित निर्मितीदोषापायी दहा हुकतात.

१९६०च्या सुमाराच्या मार्व्हल कॉमिक्सच्या कडांचे टवके उडालेले दिसतात. त्याचा दोष कागद कापणाऱ्या बोथट पात्याकडे जातो. वाचक बिचारा निर्दोष. ग्रेड मात्र त्यानेही घसरते. उलट, बांधणीतच पडलेली मुखपृष्ठाची जराशी तिरकी घडी बऱ्याचदा खपून जाते. समज बहुधा तिथूनच पसरला असावा.