ईमेलच्या पत्त्यातील अधिकचिन्ह

कोल्हापुरात गुळाची पेढी चालवणाऱ्या व्यापाऱ्याच्या एकाच ईमेल खात्यात परगावच्या ऑर्डरी, वीजबिले, जीएसटीच्या सूचना आणि कधीतरी एकदा बसचे तिकीट काढलेल्या संकेतस्थळाच्या जाहिराती एकत्र येऊन पडतात, आणि नेमके हवे असलेले पत्र त्या गर्दीत हरवते. यावरचा उपाय पत्त्याच्या रचनेतच आहे.

ईमेलच्या पत्त्यात ॲट या चिन्हाच्या उजवीकडे डोमेनचे, म्हणजे ईमेल सेवेच्या इंटरनेटवरील ठिकाणाचे, आणि डावीकडे खात्याचे नाव असते. डाव्या भागाचा अर्थ केवळ त्या डोमेनच्या सर्व्हरने लावावा, वाटेतल्या कोणीही लावू नये, असे आरएफसी ५३२१ या ईमेल पाठवण्याविषयीच्या २००८ सालच्या मानकात स्पष्ट म्हटले आहे. या मोकळिकीमुळे जीमेल, आउटलुक यांसारख्या सेवा नावापुढच्या अधिकचिन्हानंतरचा मजकूर केवळ खूण मानतात. खात्याचे नाव 'गूळपेढी' असेल (प्रत्यक्षात अर्थातच रोमन अक्षरांत), तर वीजबिलासाठी 'गूळपेढी+वीज' आणि तिकिटांसाठी 'गूळपेढी+प्रवास' असा पत्ता देता येतो. तो आधी कुठे नोंदवावा लागत नाही आणि पत्रे नेहमीच्याच इनबॉक्समध्ये येतात.

खरा लाभ फिल्टर, म्हणजे आलेली पत्रे आपोआप वेगळी करणारा नियम, लावताना होतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून पत्रे वेगळी करू गेल्यास कंपनीने तो पत्ता बदलताच फिल्टर निकामी होतो. 'प्रति' या रकान्यातला पत्ता मात्र आपण ठरवलेला असतो, म्हणून 'गूळपेढी+वीज' या पत्त्यावर आलेल्या प्रत्येक पत्राला 'बिले' हे लेबल लावण्याचा नियम वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय 'प्रवास' ही खूण असलेल्या पत्त्यावर अनोळखी कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या, तर पत्ता बहुधा कोठून बाहेर गेला हे लगेच कळते.

काही संकेतस्थळांचे फॉर्म अधिकचिन्ह स्वीकारत नाहीत, जरी मानकानुसार ते पूर्णपणे वैध आहे. हा दोष फॉर्म लिहिणाऱ्यांनी दुरुस्त करायला हवा. ज्या पत्त्याने खाते उघडले तोच पुढे लॉगिनसाठी लागतो, म्हणून दिलेल्या खुणांची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

खूण म्हणजे गोपनीयता नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे, कारण अधिकचिन्हापासूनचा भाग काढून टाकला की मूळ पत्ता कोणालाही मिळतो. तो लपवायचाच असेल, तर ॲपलची 'हाइड माय ईमेल' किंवा मोझिलाची 'फायरफॉक्स रिले' यांसारखी सेवा घ्यावी. ती मूळ नावाशी संबंध नसलेला वेगळाच पत्ता तयार करून देते, त्यावरची पत्रे आपल्याकडे पाठवते आणि नको झाल्यास तेवढा एकच पत्ता बंद करू देते.