निकोलाय सेवेर्त्सोव : पक्षी कोणता, याच्या पुढचा प्रश्न

रशियातल्या पक्षीअभ्यासाचा पाया घातला तो जर्मनीहून आलेल्या पीटर सायमन पालास यांनी. १७६८ ते १७७४ या काळात ते सायबेरियापर्यंत फिरले. पण त्यानंतरही बरीच वर्षे या अभ्यासाचा भर राहिला तो पक्षी मिळवणे, त्याचे वर्णन करणे आणि त्याला नाव देणे यावरच.

रशियन निसर्गअभ्यासक निकोलाय सेवेर्त्सोव (१८२७–१८८५) यांनी प्रश्नच बदलला. ते वोरोनेझ प्रांतातले. अठराव्या वर्षी त्यांची गाठ मध्य आशियात फिरलेल्या ग्रिगोरी कारेलिन यांच्याशी पडली आणि त्या मुलखाची ओढ त्यांना कायमची लागली. मॉस्को विद्यापीठात त्यांना कार्ल रुल्ये गुरू लाभले. प्राणी समजून घ्यायचा तर त्याच्या परिसरातच, हा रुल्ये यांचा आग्रह. सेवेर्त्सोव यांनी घरच्याच मुलखात वर्षानुवर्षे टिपणे ठेवली : कोणता पक्षी कधी येतो, पिसे कधी झडतात, वीण कधी, परतीची वेळ कोणती. १८५५ मध्ये त्यातून प्रबंध झाला आणि त्याला रशियातला मानाचा देमिदोव पुरस्कार मिळाला. परिसंस्थाशास्त्र हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. काम मात्र तेच होते.

१८५७ मध्ये ते मध्य आशियातल्या सिर दर्या नदीच्या खोऱ्यात पोहोचले. पुढच्या वर्षी, पक्षी मिळवण्यासाठी बाहेर पडले असताना, तिथल्या कोकंद राज्याच्या घोडेस्वारांनी त्यांना गाठले. छातीत भाला लागला, डोक्यावर आणि चेहऱ्यावर तलवारीचे वार झाले. महिनाभर कैद सोसून ते सुटले. ते व्रण चेहऱ्यावर जन्मभर राहिले. एवढे सोसलेला माणूस घरी परतला असता तर त्याला कुणी नावे ठेवली नसती, पण सेवेर्त्सोव यांनी मोहिमेचे काम पुढे चालूच ठेवले!

१८६० च्या दशकात ते मध्य आशियातल्या तिएनशान पर्वतात हिंडले. त्याचे फळ म्हणजे तुर्कस्तानच्या (हा मध्य आशियातला मुलूख, आजचा तुर्की देश नव्हे) प्राण्यांच्या उभ्या-आडव्या प्रसारावरचा १८७३ चा ग्रंथ. खालची खारी मैदाने, त्यावर शेती, मग पानझडी झाडी, सूचिपर्णी वृक्ष आणि अगदी वर उघडी कुरणे. डोंगर चढत जावे तसे पक्षी कसे बदलतात, हे त्यांनी थराथराने मांडले. इंग्रज पक्षीतज्ज्ञ ड्रेसर यांनी ‘आयबिस’ या पक्षीअभ्यासाच्या इंग्रजी नियतकालिकात त्याची ओळख करून दिली आणि रशियन न येणाऱ्या अभ्यासकांनाही तो खुला झाला.

फरगाना आणि पामीर भागातल्या स्थलांतरावरचा त्यांचा फ्रेंच निबंध १८८० चा. मला तो सर्वांत जवळचा वाटतो. भिगवणला हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब हंस वीण घालतात ते मध्य आशियाच्या उंच पठारांवर. त्या बाजूच्या आकाशवाटा कागदावर उतरवणाऱ्या पहिल्या काही माणसांत सेवेर्त्सोव होते.

१८८५ च्या हिवाळ्यात इकोरेत्स नदी डॉनला मिळते तिथे बर्फ फुटून त्यांची गाडी पाण्यात गेली. ते बाहेर निघाले, पण वाचले नाहीत. वय होते ५७. मागे राहिलेल्या त्यांच्या तुर्कस्तानच्या पक्षीसंग्रहावर पुढे रशियन पक्षीतज्ज्ञ मिखाईल मेन्झबीर यांनी काम केले.