डिझेल बुलेट: दुसऱ्याच कामासाठी घडलेल्या इंजिनाचा दुचाकीवरील प्रवास

एका कंपनीच्या सांगाड्यात दुसऱ्याच कंपनीचे इंजिन बसवण्याचा छंद जगभर जुना आहे आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ‘ट्रायटन’. १९५०च्या दशकात तिथे ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारींसाठी नॉर्टन मँक्सच्या इंजिनाला मोठी मागणी होती. परंतु नॉर्टन सुटे इंजिन विकत नसल्यामुळे शर्यतवाले अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढून घेत आणि उत्तम ‘फेदरबेड’ सांगाडा मागे उरे. त्या सांगाड्यात ट्रायम्फचे जोड-सिलिंडर इंजिन बसवले गेले ते वेगासाठी. भारतात घडलेला सर्वांत मोठा इंजिनबदल, म्हणजे बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवणे, मात्र वेग कमी करणारा होता, आणि तो लोकांनी समजून-उमजून स्वीकारला.

त्याचे मूळ कारण इंधनाच्या दरात होते. सरकारनियंत्रित किमतींच्या काळात शेती आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून डिझेल स्वस्त ठेवले जाई, तर पेट्रोल हे सधनांचे इंधन मानून त्यावर भरपूर कर लादला जाई. त्यामुळे डिझेलचा दर बराच काळ पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास राहिला. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल आणखी महागले आणि ज्याला रोज लांबवर ओझे वाहायचे आहे, अशा दूधवाल्याला किंवा शेतकऱ्याला ३५० सीसीची बुलेट पोसणे जड जाऊ लागले. दुसरीकडे शेतीपंप आणि जनरेटर चालवणारी एक सिलिंडरची, हवेने थंड होणारी छोटी डिझेल इंजिने ग्रामीण भागात सर्रास मिळत होती. ती दुरुस्त करणारे मिस्तरीही गावातच होते.

बुलेटची रचनाही या बदलाला सोयीची होती. १९५५मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हा जी ब्रिटिश रचना आली, तीच पुढे अनेक दशके जवळपास तशीच राहिली. तिच्यात गिअरबॉक्सला स्वतःचे वेगळे आवरण असून ते इंजिनाच्या मागच्या बाजूला बोल्टने जोडलेले असे. म्हणजे इंजिन काढून टाकले, तरी क्लच आणि गिअर जागच्या जागी वापरता येत. अडचण वेगळीच होती. त्या बुलेटच्या सांगाड्याला इंजिनाखालून जाणारी नळी नव्हती. पुढची नळी इंजिनापाशी संपे आणि मधला भार इंजिनाचे आवरणच पेलत असे. म्हणून नव्या इंजिनासाठी जाड पोलादी पट्ट्या कापून, भोके अचूक जुळवून, इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणणे हेच मिस्तरीचे खरे कसब ठरे, आणि ते साधले नाही तर साखळी लवकर झिजे. स्थिर कामासाठी बनलेल्या इंजिनाचा गव्हर्नर फेरे नेमून दिलेल्या मर्यादेत ठेवतो. त्याच्या दांडीला ॲक्सिलरेटरची केबल जोडावी लागे. पेट्रोल इंजिनापेक्षा फेरे कमी असल्याने दातचक्रांचे प्रमाणही बदलावे लागे. हादरे मात्र कोणत्याही उपायाने पुरते गेले नाहीत.

गॅरेजांतली ही मागणी पाहून कारखान्यानेही पुढे तेच केले. एनफिल्डने १९९०च्या दशकात ‘टॉरस’ नावाने डिझेल बुलेट विकली. तिच्यात इटलीतील लोम्बार्दिनी कंपनीच्या रचनेवर आधारलेले, ग्रीव्हज या भारतीय कंपनीचे ३२५ सीसीचे इंजिन होते. ताकद सुमारे साडेसहा अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोल बुलेटच्या जेमतेम एक तृतीयांश. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे ती जात नसे, पण एका लिटरमध्ये सत्तरच्या आसपास किलोमीटर देई. मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या डिझेल मोटारसायकली जगात फारच थोड्या. त्यांत टॉरसचे स्थान पक्के आहे. ग्रीव्हजच्या छोट्या डिझेल इंजिनांचा महाराष्ट्राशीही संबंध आहे: औरंगाबादच्या कारखान्यात बनलेली ही इंजिने पुढे बारामतीहून निघणाऱ्या पियाजिओच्या तीनचाकी ‘आपे’त धावली. तीनचाकीला ती जास्त शोभली, असे माझे मत आहे.

२०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टॉरस बंद पडली. २०००मध्येच मोटार वाहन कायद्याच्या, वाहनात बदल करण्याविषयीच्या, कलम ५२मध्येही दुरुस्ती झाली. पुढे बुलेटचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात आले, तेव्हा यांत्रिक सोयही संपली. २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर बचतीचे गणितही मोडले, आणि नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले.

गंमत अशी की, भारतात टॉरस बंद पडल्यानंतरच्या काळात जर्मनीत ‘सोमर’ नावाने भारतीय बुलेटच्या सांगाड्यात हाट्झ कंपनीचे ४६२ सीसीचे औद्योगिक डिझेल इंजिन बसवलेल्या मोटारसायकली विकल्या जात होत्या. तिथला ग्राहक दूध वाहणारा नव्हता. सावकाश फिरण्याची हौस म्हणून तो त्यासाठी चांगली किंमत मोजत होता.